कुकडी नदी
कुकडी ही महाराष्ट्राच्या पुणे व अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यांतून वाहणारी एक लहान नदी आहे. जुन्नर तालुक्याच्या पश्चिमेस, नाणेघाटाजवळच्या सह्याद्रीच्या माथ्यावर ती उगम पावते आणि पूर्वेकडे व आग्नेयेकडे वाहत शिरूरच्या परिसरात घोड नदीस मिळते. घोड पुढे भीमेस व भीमा कृष्णेस मिळत असल्याने कुकडीचे पाणी अखेर बंगालच्या उपसागरात जाते. उगमापासून अरबी समुद्र मात्र त्या मानाने अगदी जवळ आहे. पूर गावातील कुकडेश्वराचे प्राचीन शिवमंदिर हे नदीचे परंपरागत उगमस्थान मानले जाते.

भूगोल
उगमाकडील प्रदेशात मोसमी पाऊस मुसळधार पडतो. पूर्वेकडे सरकताना तो झपाट्याने घटतो आणि पारनेर-शिरूरच्या सीमेवर पोहोचेपर्यंत नदी पर्जन्यछायेच्या अवर्षणप्रवण मुलखात शिरलेली असते. त्यामुळे तिच्या छोट्याशा खोऱ्यातच घाटमाथ्यावरील भातखाचरे, मधल्या पट्ट्यातील बागायत आणि खालच्या अंगाची बाजरी-ज्वारीची माळराने असे तीन निराळे भूप्रदेश एकामागून एक येतात. घाटमाथ्यालगत चावंड, तर जुन्नरजवळ शिवनेरी हे किल्ले नदीच्या खोऱ्यावर उभे आहेत. कोकणातून नाणेघाट चढून आलेला सातवाहनकालीन व्यापारी मार्ग याच खोऱ्याने जुन्नरकडे जात असे. लेण्याद्रीसह जुन्नर परिसरातील लेण्यांचा मोठा समूह त्या काळाची साक्ष देतो.

रांजणखळगे
निघोज (ता. पारनेर) आणि टाकळी हाजी (ता. शिरूर) या गावांच्या दरम्यान नदीपात्रातील बेसाल्ट खडकात असंख्य रांजणखळगे आहेत. स्थानिक लोक या जागेस ‘कुंड’ म्हणतात. काठावर मळगंगा देवीचे मंदिर आहे.

हा खडक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या दख्खनच्या लाव्हा उद्रेकांतून बनला. खडकातील भेगा, वायूच्या बुडबुड्यांनी राहिलेल्या पोकळ्या किंवा तुलनेने मऊ जागा येथे पाण्याचा भोवरा प्रथम जम धरतो. त्यात अडकलेले गोटे व वाळू पुराच्या वेगाने गरगर फिरतात आणि जात्यासारखा खडक झिजवतात. खळगा जसजसा खोल होतो तसतसे आत पडलेले गोटे बाहेर पडणे अवघड होते, आणि झीज अधिकच तळाशी होऊ लागते. म्हणून पुष्कळ खळगे तोंडापेक्षा पोटात रुंद, म्हणजे खरोखरच रांजणासारखे दिसतात. शेजारच्या दोन खळग्यांमधील भिंत झिजून फुटली की ते जोडले जातात. अशा जोडणीतूनच नदी कालांतराने अरुंद, खोल घळ कोरते. हे आशियातील सर्वांत मोठे रांजणखळगे असल्याचे पुष्कळदा लिहिले जाते, परंतु तुलनात्मक मोजमापांशिवाय अशा विधानाला फारसा अर्थ नाही. पावसाळ्यात येथील निसरड्या खडकावर उतरणे धोक्याचे असते.

बोरीची ज्वालामुखीय राख
जुन्नर तालुक्यातील बोरी बुद्रुक येथे नदीकाठच्या गाळात ज्वालामुखीय राखेचा थर आढळतो. ही राख दख्खनची नव्हे. ती सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीशी जोडली जाते. राखेच्या सान्निध्यात अश्मयुगीन अश्यूलियन हत्यारे मिळाल्याने तिच्या वयाला विशेष महत्त्व आले. प्रारंभी ते सुमारे १४ लाख वर्षे सांगितले गेले, नंतरच्या मापनात सुमारे ६.७ लाख वर्षे आले, तर रासायनिक घटकांची तुलना करणाऱ्या काही संशोधकांनी ती टोबाच्या सुमारे ७४,००० वर्षांपूर्वीच्या महाउद्रेकाची मानली. राख मूळ जागी पडली की पुराने वाहून येऊन पुन्हा साचली, हा प्रश्न या वादाच्या मुळाशी आहे. दुसरी शक्यता खरी असेल, तर राखेच्या वयावरून हत्यारांचे वय ठरवता येत नाही.

धरणे, ऊस आणि बिबट्या
कुकडीवर माणिकडोह व येडगाव ही धरणे आहेत. डिंभे, वडज व पिंपळगाव जोगे या शेजारच्या नद्यांवरील धरणांसह ती कुकडी प्रकल्पाचा भाग आहेत. प्रकल्पाचे कालवे जुन्नर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत व करमाळा या तालुक्यांपर्यंत पाणी नेतात, आणि उन्हाळी आवर्तनाच्या वेळी कालव्याच्या शेवटच्या टोकाला किती पाणी पोहोचते हा तेथील नित्याचा वाद आहे. निघोजजवळच्या नदीचा प्रवाहही आता पावसाइतकाच धरणातून सोडलेल्या पाण्यावर अवलंबून असतो.

सिंचनाने खोऱ्यात उसाचे क्षेत्र वाढले. दाट, ओलसर ऊस हा बिबट्यांना आसरा ठरला. कुत्री, शेळ्या व डुकरे हे भक्ष्यही जवळच मिळाले. माणसांवरील हल्ले रोखण्यासाठी जुन्नर वनविभागात बिबटे पकडून दूर सोडण्याचा कार्यक्रम राबवला गेला. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या विद्या अत्रेय व सहकाऱ्यांच्या अभ्यासानुसार, त्यानंतर हल्ल्यांचे प्रमाण वर्षाला सरासरी ४ वरून १७ वर गेले. म्हणजे उपायानेच प्रश्न वाढवला. पकडलेल्या बिबट्यांसाठी माणिकडोह येथे निवारण केंद्र आहे.

नदीकाठी करंज, उंबर व जांभूळ ही झाडे, तर खडकाळ पात्रात पुराचा मारा सोसणारी शेरणीची झुडपे दिसतात. टिटवी, खंड्या व नदी सुरय हे पाणथळ पक्षी जलाशयांच्या काठाने आढळतात.