हाड जुळलं, पण पाय वाचला का?

दीड-दोन किलोचा पॉमेरेनियन सोफ्यावरून उडी मारतो किंवा लहान मुलाच्या हातून निसटतो, आणि पुढचा पाय उचलून धरतो. एक्स-रेमध्ये मनगटाच्या जरा वर दोन्ही हाडं आडवी मोडलेली दिसतात. घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "डॉक्टर, प्लास्टरवर नाही का भागणार?" शेजारच्या पोराचा हात प्लास्टरवर बरा झालेला त्यांनी पाहिलेला असतो, तेव्हा हा प्रश्न रास्तच आहे. पण नेमक्या याच हाडाला प्लास्टर मानवत नाही. अगदी लहान चणीच्या जातींत या भागाला रक्तपुरवठा तुटपुंजा असतो, भोवती मांस जवळपास नसतंच, आणि बारीक हाडाची टोकं प्लास्टरच्या आत हलत राहिली की जुळायच्या ऐवजी झिजत जातात. दोन महिन्यांनी पट्टी सुटते तेव्हा पाय लोंबतो. मग ऑपरेशन करावं म्हटलं तर स्क्रूला पकड मिळेल एवढं हाडही उरलेलं नसतं. म्हणून या पायाला पहिल्या काही दिवसांतच प्लेट बसवावी, असं माझं ठाम मत आहे. तिचे स्क्रू दीड ते दोन मिलिमीटर जाडीचे असतात. माणसाच्या बोटांच्या हाडांसाठी बनवलेल्या प्लेटाही यासाठी वापरल्या जातात.

मांडीच्या हाडाची अडचण वेगळी. पट्टी बांधायची तर मोडलेल्या जागेच्या वरचा आणि खालचा असे दोन्ही सांधे जखडावे लागतात. मांडीच्या वर आहे खुबा, आणि तो धडाला लागून असल्यामुळे तिथवर पट्टी पोचत नाही. गुडघ्याभोवती कामट्या बांधल्या की त्यांचं सगळं ओझं मोडलेल्या टोकाशी येतं आणि हाड आणखी सरकतं. घट्ट आवळलेल्या अशा पट्टीखाली पंजा सुजतो, थंड पडतो, मग काळा होतो. हाड मोडल्यामुळे जो पाय गेला नसता, तो पट्टीमुळे कापावा लागतो. याची मला फार खंत वाटते, कारण हे टाळणं पूर्णपणे आपल्या हातात आहे.

प्लास्टरची ही मर्यादा पशुवैद्यांना फार पूर्वीच जाचू लागली होती. कुत्रं प्लास्टर चावून काढतं, म्हणून ओटो स्टेडर या अमेरिकन पशुवैद्यानं 1930च्या दशकात वेगळीच युक्ती काढली. कातडीतून थेट हाडात पिना रोवायच्या आणि बाहेरच्या दांडीला जोडायच्या. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलानं हेच साधन माणसांच्या मोडलेल्या हाडांसाठी वापरलं. पुढे 1958मध्ये स्वित्झर्लंडमधल्या शल्यचिकित्सकांनी एओ हा गट स्थापन केला आणि प्लेट-स्क्रूच्या शस्त्रक्रियेला शिस्त आणली. 1969मध्ये त्याची पशुवैद्यकीय शाखा निघाली.

आज सर्जनच्या हाताशी मुख्यतः तीन मार्ग आहेत: हाडाच्या पोकळीत घालायची पिन, हाडावर बसवायची प्लेट आणि बाहेरून धरणारी चौकट. पिन स्वस्त पडते आणि हाडाला वाकू देत नाही, पण हाड तिच्याभोवती गोल फिरू शकतं. त्यामुळे तुकडे झालेल्या मांडीत नुसती पिन टाकून समाधान मानू नये. जोडीला प्लेट किंवा चौकट हवी. जखम उघडी आणि मळलेली असेल तर बाहेरची चौकट बरी, कारण जखम रोज धुता येते.

मांजरांचं दुखणं बहुतेकदा उंचीतून येतं. जाळी नसलेली खिडकी आणि कठड्यावर बसलेला पारवा, एवढं पुरतं. न्यूयॉर्कमध्ये उंचावरून पडलेल्या 132 मांजरांचा अभ्यास 1987मध्ये प्रसिद्ध झाला. उपचार मिळालेल्यांपैकी सुमारे 90 टक्के वाचली होती. या मांजरांचा खालचा जबडा बरेचदा मधोमध दुभंगतो आणि सुळ्यांमागून फिरवलेल्या एका तारेनं तो नीट धरतो. पण आधी छाती तपासायची. फुप्फुसाभोवती हवा साठली असेल तर पायाचं ऑपरेशन दोन दिवस थांबू शकतं, श्वास थांबू शकत नाही. आणि घरातली पॅरासिटामॉलची गोळी मांजराला कधीही देऊ नये. ती जिवावर बेतते.

काही पिल्लांची हाडं मात्र ना पडता, ना धडकता मोडतात. नुसतं बोनलेस चिकन खाणाऱ्या पिल्लाला फॉस्फरस भरपूर मिळतो, कॅल्शियम मिळत नाही. शरीर ते हाडांतून ओढून घेतं. अशा मऊ हाडात स्क्रू ठरत नाही. तिथं आधी ताटली बदलावी लागते.

खर्चाचं बोलायलाच हवं. खासगी दवाखान्यातली प्लेट अनेक घरांना झेपत नाही. परळचं 1886चं पशुवैद्यकीय महाविद्यालय, शिरवळ आणि नागपूरची महाविद्यालयं हा त्यातला मोठा आधार आहे, आणि तिथं जाणं कमीपणाचं मुळीच नाही. रतन टाटांना आपल्या कुत्र्याच्या सांध्यासाठी अमेरिकेतलं मिनेसोटा विद्यापीठ गाठावं लागलं होतं. 2024मध्ये मुंबईत महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं प्राण्यांचं रुग्णालय सुरू झालं, त्यामागे तो अनुभवही होता.

ऑपरेशननंतरचे आठवडे घरच्यांचे असतात. पिल्लाचं हाड तीन-चार आठवड्यांत जुळतं, मोठ्या कुत्र्याला दोन ते तीन महिने लागतात. तोवर पिंजरा किंवा छोटी खोली, जिना बंद, फरशीवर गोणपाट नाहीतर सतरंजी, शी-शूला दोरी लावूनच बाहेर. मांडी मोडलेल्या पिल्लाचा गुडघा मात्र डॉक्टरांनी दाखवल्याप्रमाणे पहिल्या दिवसांपासून हळूहळू दुमडून-सरळ करत राहावा. ते राहून गेलं तर मांडीचा स्नायू हाडाला चिकटतो, पाय काठीसारखा ताठ होतो आणि हाड उत्तम जुळूनही तो पाय पुन्हा वाकत नाही. कुत्रं आठव्या-दहाव्या दिवशी पाय टेकून धावू पाहतं, घरच्यांना वाटतं बरं झालं. प्लेटा वाकतात त्या बहुधा याच दिवसांत; म्हणून मोकळं सोडायचं ते पुढचा एक्स-रे पाहूनच.