पिट्सबर्ग गाव राहायला कसं आहे?



मागच्या महिन्यात आमच्या गटाची बैठक संपली, बचतीचे पैसे मोजून झाले, रजिस्टरवर सह्या झाल्या, आणि उठता उठता आमच्यातल्या एका मावशींनी पिशवीतून फोटो काढला. मुलीला स्थळ आलं होतं. मुलगा संगणकाच्या कामात, राहतो अमेरिकेत, पिट्सबर्ग नावाच्या गावात. मावशींनी विचारलं, "ते गाव राहायला कसं आहे, कुणी सांगेल का?"

कुणालाच सांगता येईना. मुलगा कसा, घरचे कसे, हे विचारायला नातेवाईक असतात. गावाची चौकशी कोण करणार? आणि खरं सांगायचं तर ही चौकशी गटाचीसुद्धा होती. मुलगी नर्स आहे. तिच्या शिक्षणासाठी मावशींनी गटातून कर्ज घेतलं होतं, त्याचे १४ हप्ते राहिलेत आणि ते तिच्याच पगारातून येतात. म्हणून आम्ही महिनाभर माहिती गोळा केली. काही वाचलं. शेजारच्या गावच्या गटातल्या एका ताईंची लेक चार वर्षं तिथेच आहे, तिच्याशी दोनदा व्हिडिओ कॉलवर बोललो. इकडे संध्याकाळचे सात वाजले की तिकडे हिवाळ्यात सकाळचे साडेआठ.

अमेरिका म्हटलं की आपल्याला न्यूयॉर्कच्या उंच इमारती दिसतात. पिट्सबर्ग तेवढं मोठं नाही. शहराची लोकसंख्या तीन लाखांच्या आसपास, म्हणजे २०११ च्या जनगणनेत आपलं परभणी होतं तेवढी. भोवतालची उपनगरं धरली तर वीस लाखांच्या पुढे. कराडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात, तशा इथे अ‍ॅलेगेनी आणि मोनोंगाहेला या दोन नद्या भेटतात. फरक एवढाच की कराडच्या पुढे नाव कृष्णेचंच राहतं. इथे दोघींचीही नावं संपतात आणि पुढे ओहायो नदी सुरू होते. हे ऐकून आमची एक वहिनी म्हणाली, "म्हणजे दोघांनीही आडनाव बदलायचं!"

गाव डोंगरउतारावर वसलेलं. शहरात ४४६ पूल आहेत असं तिथले लोक अभिमानाने सांगतात. काही गल्ल्या नकाशावर रस्ता म्हणून दाखवलेल्या, पण जाऊन बघावं तर नुसत्या पायऱ्या. तिथल्या लेकीने फोन फिरवून दाखवलं तेव्हा आम्हाला जेजुरीच आठवली. पण पूल फार म्हणजे देखभालही फार. २०२२ च्या जानेवारीत एक जुना पूल बससकट कोसळला. सुदैवाने कुणी दगावलं नाही.

आता हे गाव कशावर उभं राहिलं ते सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. जवळच दगडी कोळसा, ने-आण करायला नद्या, त्यामुळे इथे पोलादाचे मोठमोठे कारखाने निघाले. अँड्र्यू कार्नेगी हा त्यातला सगळ्यात मोठा कारखानदार. एके काळी धूर इतका की भरदुपारी रस्त्यावरचे दिवे लावायला लागायचे. आपण चुलीपुढे बसलेल्या बायका, आपल्याला काजळी म्हणजे काय ते सांगायला नको, पण अख्ख्या गावाचं धुराडं झालेलं डोळ्यांसमोर आणून बघा. १९४० च्या दशकात धुरावर कायदे झाले आणि हळूहळू आभाळ दिसायला लागलं. १९५० मध्ये शहरात पावणेसात लाख माणसं होती. पुढे पोलादाचा धंदा बसला, १९८० च्या आसपास एकामागून एक भट्ट्या विझल्या. कामगारांची मुलं पोटासाठी दुसऱ्या राज्यांत गेली. निम्मं गाव रिकामं झालं म्हणा ना.

यातली एक गोष्ट आम्हाला फार बोलकी वाटली. अमेरिकेत राहायला चांगल्या शहरांच्या याद्या निघतात. १९८५ मध्ये अशाच एका नावाजलेल्या यादीत पिट्सबर्गचा पहिला नंबर आला. आणि पुढच्याच वर्षी, १९८६ मध्ये, शहराला लागून असलेला होमस्टेडचा प्रचंड पोलाद कारखाना बंद पडला. ज्याच्या घरातली नोकरी गेली त्याने ती यादी वाचून काय केलं असेल? दवाखाने, शाळा, घरभाडं, करमणूक, सगळ्याचे गुण मोजून बेरीज बरोबर केली असेल हो. पण तुमच्या घरातली बेरीज त्या कागदावर नसते.

नंतर गावाने पुन्हा अंग धरलं ते विद्यापीठं, मोठी इस्पितळं आणि संगणकाच्या कामावर. आजारपणाच्या बाबतीत या गावाचं मोठं नाव आहे. पोलिओची पहिली यशस्वी लस डॉ. जोनास साल्क यांनी इथल्याच विद्यापीठात तयार केली आणि १९५५ मध्ये ती जगाला मिळाली. आज आपल्या अंगणवाडीत थेंबांबरोबर बाळाच्या दंडाला पोलिओची जी सुई देतात, ती त्याच जातीची लस.

गाव दुप्पट माणसांसाठी बांधलेलं, त्यामुळे घरं इतर मोठ्या शहरांच्या मानाने स्वस्त. न्यूयॉर्क किंवा सॅन फ्रान्सिस्कोत ज्या भाड्यात एक खोली मिळते, त्यात इथे बऱ्यापैकी घर मिळतं. मात्र घरं जुनी, जिने अरुंद. पुष्कळ घरांच्या तळघरात आडोसा नसलेला एकटाच संडास असतो. कारखान्यातून काळा होऊन आलेला माणूस वरचं घर मळू नये म्हणून तिथेच हातपाय धुवायचा, असं सांगतात. आम्ही बराच वेळ हसलो. मग एक जण म्हणाली, "आपल्याकडे तेवढाही नव्हता की इतकी वर्षं." खरंच होतं ते.

किराणा आणि कपड्यांवर तिथे बहुतेक विक्रीकर लागत नाही. हेही लक्षात ठेवण्यासारखं.

हिवाळा मात्र कठीण. बर्फ पडतं, डिसेंबरात पाच वाजायच्या आत दिवस मावळतो. त्याहून वाईट म्हणजे ढग. वर्षात लख्ख उन्हाचे दिवस जेमतेम दोन महिन्यांचे. तिथली लेक म्हणाली, "पहिल्या हिवाळ्यात मी खिडकीत बसून रडायचे. थंडीचं नाही, उजेड नाही म्हणून." दक्षिणेला क्लेअरटनला कोळशापासून कोक बनवायचा कारखाना अजून चालू आहे. हवा कोंडली की त्या बाजूच्या वस्त्यांत कुजक्या अंड्यासारखा वास येतो. घर घेताना लोक हे विचारून घेतात.

घर कुठे आहे यावर बाईचं निम्मं आयुष्य ठरतं, हे आम्हाला त्या बोलण्यातून कळलं. ओकलंड, स्क्विरल हिल अशा भागांत दुकानं, वाचनालय, दवाखाना चालत जाण्यासारखे. बस चांगली. फक्त बससाठी बांधलेले वेगळे रस्ते आहेत, ६५ वर्षांवरच्यांना बस फुकट. पण नवरा लांबच्या उपनगरात राहत असेल तर तिथे गाडीशिवाय पान हलत नाही. ज्या बाईला गाडी येत नाही ती बाई म्हणजे दावणीला बांधलेलं जनावर. गाडी शिकणं हे तिथे सायकल शिकण्याइतकं आधी करायचं काम.

वाचनालयांचं एक सांगतो. कार्नेगीने इथे मोफत वाचनालयं बांधून दिली, मुख्य वाचनालय १८९५ चं. आजही परदेशातून आलेल्या बायका तिथे फुकट इंग्रजी बोलायला शिकतात. पण त्याच कार्नेगीच्या होमस्टेडच्या कारखान्यात १८९२ मध्ये मजुरी कापायला कामगारांनी विरोध केला, तेव्हा भाडोत्री रक्षक आणले गेले आणि माणसं मेली. मजुरी कापायची आणि वाचनालय बांधायचं! आमचं मत विचाराल तर आधी मजुरी पूर्ण द्यावी, पुस्तकं आम्ही वर्गणी काढून आणू.

आणि सगळ्यांना हे गाव सारखं नाही. १९५० च्या दशकात हिल डिस्ट्रिक्ट नावाच्या काळ्या लोकांच्या वस्तीचा खालचा भाग पाडून तिथे क्रीडागृह बांधलं. सुमारे ८,००० माणसं उठवली गेली. धरणात गाव गेलेल्या आमच्या दोघी-तिघी आहेत, त्यांना जास्त समजावून सांगावं लागलं नाही. २०१९ मध्ये खुद्द शहराच्याच एका आयोगाच्या अहवालात आलं की बाळंतपणातले मृत्यू, गरिबी, नोकरी या बाबतींत इथल्या काळ्या बायकांची स्थिती अमेरिकेतल्या बहुतेक शहरांपेक्षा वाईट आहे.

आता आपल्या मुलीचं. आम्हाला वाटलं होतं, इस्पितळांचं गाव, मुलगी नर्स, दुधात साखर. तसं नाही. कामाच्या व्हिसावर गेलेल्या माणसाच्या बायकोला जो व्हिसा मिळतो, त्याला एच-४ म्हणतात. त्यावर तिला राहता येतं, शिकता येतं, पण पगाराचं काम करता येत नाही. नवऱ्याच्या ग्रीन कार्डच्या अर्जाचा ठरावीक टप्पा मंजूर झाला असेल तर ती कामाच्या परवान्यासाठी अर्ज करू शकते. हा नियम २०१५ पासून आहे. परवाना मिळाला तरी नर्सला तिथली परीक्षा द्यावी लागते आणि इथली प्रमाणपत्रं तपासून घ्यावी लागतात. म्हणजे आज स्वतःच्या पगारावर हप्ता भरणारी मुलगी तिथे गेल्यावर भाजीसाठीसुद्धा नवऱ्याकडे पैसे मागणार, आणि किती वर्षं ते कागदावर अवलंबून.

आजारपणाचा खर्च तिथे विम्यावर चालतो आणि विमा बहुधा नवऱ्याच्या नोकरीला जोडलेला. विमा असूनही वर्षात काही रक्कम आपल्या खिशातून भरल्यावरच पुढचं सुरू होतं. नोकरदार बाईला बाळंतपणाची पगारी रजा द्यायचा देशभराचा कायदा अमेरिकेत नाही. १९९३ चा कायदा १२ आठवड्यांची रजा देतो, तीही बिनपगारी. पाळणाघर महाग. म्हणून तर इथल्या आज्या विमानाने जातात. पाहुणीच्या व्हिसावर बहुधा सहा महिने राहू देतात, आणि जाताना विमा काढल्याशिवाय जाऊ नये.

अडचण आली तर? ९११ हा फोन. मारहाणीतून बाहेर पडणाऱ्या बायकांसाठी पिट्सबर्गमध्ये १९७४ पासून निवाऱ्याचं केंद्र आहे. पासपोर्ट आपला आपल्याजवळ ठेवायचा, हे तिथल्या लेकीने दोनदा बजावलं.

तिला शेवटी आम्ही विचारलं, "मग तुला आवडतं का?" ती म्हणाली, "आता आवडतं. गाडी शिकले, परवाना आला, कामाला लागले. पहिली दोन वर्षं विचारली असती तर फोन ठेवून दिला असता."

हे सगळं आम्ही बैठकीत मावशींच्या मुलीसमोर मांडलं. तिने वहीत लिहून घेतलं आणि मुलाला स्वतः फोन करून तीन प्रश्न विचारले. ग्रीन कार्डचा अर्ज कुठवर आलाय, घरापासून बसथांबा किती लांब, आणि मला कामाचा परवाना मिळेपर्यंत माझ्या कर्जाचे हप्ते कोण भरणार. बसथांबा चार मिनिटांवर आहे, असं तो म्हणाला. अर्ज अजून केलेला नाही. हप्त्यांचं आईशी बोलून सांगतो.

"बोलू दे त्यांना," मुलगी म्हणाली, "तोवर माझी ड्युटी आहे." फोटो मावशींच्या पिशवीत आहे. या महिन्याचा हप्ता वेळेवर जमा झाला, १३ राहिले.