फुंकरीने यंत्र सुधारते काय?

यंत्र विकत घेताना त्याबरोबर बहुधा हमीपत्र मिळते. ठरलेल्या मुदतीत यंत्र बिघडल्यास ते दुरुस्त करून देण्याची जबाबदारी निर्मात्याने त्यात स्वीकारलेली असते. पण हमीला मुदत असते. बिघाडाला मुदत नसते. हमी संपल्यावर यंत्र बंद पडले, म्हणजे ते टाकून द्यावे की घरच्या घरी सुधारावे, असा प्रश्न पडतो. दूरचित्रवाणी संचाला जोडून खेळावयाच्या एका यंत्राने हा प्रश्न जगातील असंख्य मुलांपुढे उभा केला. मुलांनी त्यावर एक उपाय शोधून काढला. तो मोठा मौजेचा होता. पण तो खरा उपाय नव्हता.

जपानमधील क्योटो शहरात १८८९ मध्ये निन्टेंडो ही संस्था स्थापन झाली. प्रारंभी ती खेळण्याचे पत्ते तयार करीत असे. १९८३ मध्ये तिने 'फॅमिकॉम' नावाचे खेळयंत्र जपानात विक्रीस आणले. त्याचे प्रत्येक खेळ प्लास्टिकच्या निरनिराळ्या चपट्या पेट्यांत साठविलेले असत. अशा पेटीला कार्ट्रिज म्हणतात. कार्ट्रिज यंत्राच्या वरच्या खाचेत उभे बसविले, की खेळ सुरू होई.

१९८५ मध्ये हे यंत्र नव्या रूपात अमेरिकेत गेले. तेथे १९८३ च्या सुमारास खेळयंत्रांचा बाजार कोसळला होता व दुकानदार अशी यंत्रे ठेवून घेण्यास नाखूष होते. म्हणून यंत्राला व्हिडिओ कॅसेट लावण्याच्या यंत्रासारखे रूप देण्यात आले. आता कार्ट्रिज समोरून आडवे आत सरकवावे लागे व मग खाली दाबावे लागे. दिसण्यात ही रचना सुबक होती. पण पुढील त्रासाचे मूळ तिच्यातच होते.

कार्ट्रिजच्या कडेला धातूच्या बारीक पट्ट्या असतात. यंत्राच्या आतील जोडणीत ७२ लवचीक पिना असतात. प्रत्येक पीन आपापल्या पट्टीला घट्ट टेकली, तरच विजेचे संदेश इकडून तिकडे जातात. कार्ट्रिज वारंवार दाबल्याने या पिना हळूहळू वाकत व त्यांचा ताण कमी होई. त्यातच पट्ट्यांवर धूळ बसे, हाताचा घाम व तेलकटपणा लागे, धातूवर गंजाचा पातळ थर चढे. मग काही पिना पट्टीला नीट टेकत नसत आणि संदेश वाटेतच अडत.

याखेरीज त्यात एक पहारेकरीही होता. परवानगीवाचून तयार केलेली कार्ट्रिजे चालू नयेत, म्हणून यंत्रात एक व कार्ट्रिजमध्ये एक अशा दोन चकत्या बसविलेल्या होत्या. त्या परवलीच्या शब्दासारखे संकेत एकमेकींना सतत देत. संकेत चुकला, की यंत्रातील चकती सर्व काम थांबवून ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करी. पिना सैल झाल्या, म्हणजे अस्सल कार्ट्रिजचा संकेतही पोहोचत नसे. मग यंत्रावरचा तांबडा दिवा दर सेकंदाला लुकलुकू लागे आणि पडद्यावर खेळ काही दिसत नसे.

अशा वेळी मुले कार्ट्रिज बाहेर काढीत, त्याच्या तोंडाशी जोराने फुंकर मारीत व ते पुन्हा आत बसवीत. पुष्कळदा खेळ सुरू होई! फुंकरीचा हा उपाय कोणी न शिकविता देशोदेशी पसरला. १९९० नंतरच्या दशकात फॅमिकॉमच्या धर्तीवर बनविलेली नकली यंत्रे भारतातही आली. महाराष्ट्रातील मुले कार्ट्रिजला 'कॅसेट' म्हणत व तिच्यावर तितक्याच श्रद्धेने फुंकर मारीत.

मग फुंकरीत खरोखर गुण होता काय? कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, म्हणून कावळ्याच्या भाराने फांदी मोडली असे ठरत नाही. मुले दोन गोष्टी एकाच वेळी करीत होती. एक, फुंकर मारणे. दुसरी, कार्ट्रिज काढून पुन्हा बसविणे. यांपैकी गुण कशाचा, हे ठरविण्याचा मार्ग सोपा आहे. काही वेळा फुंकर मारून कार्ट्रिज बसवावे, तितक्याच वेळा फुंकर न मारता बसवावे आणि प्रत्येक वेळचा परिणाम कागदावर लिहून ठेवावा. पुन्हा बसविताना पट्ट्या पिनांवर घासल्या जातात व किंचित निराळ्या जागी टेकतात. म्हणून संपर्क जुळण्याची नवी संधी मिळते. फुंकरीतून मात्र तोंडातील ओलावा धातूवर बसतो आणि त्याने गंज वाढतो. निर्मात्यांनीही फुंकर न मारण्याचा इशारा दिला होता. ज्या उपायाने आजचा खेळ सुरू झाल्यासारखा वाटे, तोच उपाय उद्याचा बिघाड वाढवीत होता.

खऱ्या दुरुस्तीचा आरंभ बिघाडाची जागा शोधण्यापासून होतो. एकच कार्ट्रिज चालत नसेल, तर दोष बहुधा त्या कार्ट्रिजमध्ये असतो. कोणतेच चालत नसेल, तर यंत्रातील जोडणी तपासावी लागते. यंत्र उघडण्यापूर्वी विजेची तार काढून ठेवावी. कोणता स्क्रू कोठला, हे ध्यानात राहावे म्हणून कागदावर आकृती काढून स्क्रू त्या त्या जागी ठेवावेत. वरचे झाकण, धातूचे आवरण व कार्ट्रिजची तबकडी काढल्यावर ७२ पिनांची जोडणी दिसते. ती डाख दिलेली नसते. सावकाश ओढली असता निघते. कापूस गुंडाळलेल्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून धातूचे भाग पुसतात. ते लवकर उडून जाते, त्यामुळे ओल राहत नाही. पिना फारच वाकल्या असतील, तर नवी जोडणी बसवितात. सर्व भाग पूर्ण वाळल्यावरच यंत्र पुन्हा जोडावयाचे.

हे काम मुलांनी जाणत्या मोठ्या माणसासमवेतच करावे. अल्कोहोल पेट घेणारे असते, म्हणून जवळ दिवा वा आग असू नये. प्रत्येक यंत्र उघडण्याजोगेही नसते. काही यंत्रांत वीज पुरविणारा भाग आतच असतो व तार काढल्यावरही त्यात काही काळ वीज साठून राहते. फुगलेल्या विद्युत्घटाला तर हातही लावू नये. अशी कामे कुशल कारागिरावर सोपवावीत. कोणत्या कामाला हात घालू नये, हे जाणणे हाही दुरुस्तीच्या विद्येचाच भाग आहे.

१९९३ मध्ये निर्मात्यांनी यंत्राची रचना बदलली; कार्ट्रिज पुन्हा वरून बसू लागले व पहारेकरी चकती काढून टाकण्यात आली. जगभरात ही यंत्रे सुमारे ६ कोटी १९ लाख खपली होती. २००३ मध्ये जपानातील उत्पादन थांबले. २००७ मध्ये सुट्या भागांच्या टंचाईमुळे फॅमिकॉमची दुरुस्तीही संस्थेने बंद केली. तेव्हापासून या यंत्रांचे आयुष्य त्यांच्या मालकांच्या हाती आहे. तरीही त्यांपैकी अनेक यंत्रे आजही चालतात. ज्यांनी बिघाडाचे कारण शोधले व धीराने ते दूर केले, त्यांच्या घरी ती जिवंत राहिली आहेत. यंत्राला फुंकर नको असते. त्याला समजून घेणारा माणूस हवा असतो.