काळ्या रानातली पट्टेदार गार

बुलढाणा जिल्ह्यात नांगरटीनंतर एखादा जोरदार पाऊस झाला की रानात गारगोट्या उघड्या पडतात. शेतकरी त्या वेचून बांधावर टाकतो. बहुतेक पांढुरक्या, ओबडधोबड. पण एखादी फुटकी गार पाण्यात बुडवा. राखाडी, निळसर, पिवळसर, पुन्हा राखाडी असे पट्टे दिसू लागले, तर तो अकीक.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हारसाचे थर पसरले. त्यात अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या आणि झिरपणाऱ्या पाण्यातली सिलिका त्यांच्या भिंतींवर थराथराने बसत गेली. पुढे काळा पाषाण झिजून माती झाला, अकीक तेवढा टिकला.

ओळखायला खिशातला चाकू पुरतो. पट्टे कॅल्साइटमध्येही असतात, पण त्यावर ओरखडा उठतो आणि व्हिनेगरचा थेंब फसफसतो. अकीकावर ओरखडा उठत नाही, उलट पोलादाचीच करडी रेघ उमटते. उजेडासमोर धरला की त्याची पातळ कड उजळते. अपारदर्शक जास्परची उजळत नाही.

अकीकाला झिलई द्यायचं यंत्र साधं आहे: रबरी पिंप, दोन रूळ, मोटार. पिंप दोन-तृतीयांशापेक्षा थोडं जास्त दगडांनी भरायचं, त्यात पाणी आणि सिलिकॉन कार्बाइडची भरड पूड घालायची आणि आठवडाभर अखंड फिरवायचं. मग बारीक पूड, त्याहून बारीक, शेवटी ॲल्युमिनियम ऑक्साइड. महिना जातो. दर टप्प्याला दगड आणि पिंप घासून धुवावं लागतं. भरड पुडीचे चार कण मागे राहिले तरी शेवटची चकाकी गेली. उरलेला गाळ मोरीत ओतू नये, तो बसून घट्ट होतो. आणि ज्याचे पट्टे खरोखर देखणे आहेत, तो दगड पिंपात घालूच नये. पिंप त्याला सगळीकडून गोल करतं, पट्टे कुठेही तिरके कापले जातात. असा दगड पट्ट्यांना आडवा कापून एकच बाजू घासावी.

गुजरातेतल्या खंबायतचे कारागीर मणी चामड्याच्या पिशवीत पाणी व पूड घालून दिवसेंदिवस लोळवत, तत्त्व तेच. बुलढाण्याच्या सीमेलगतच्या भोकरदनच्या उत्खननातही अकीकाचे मणी निघाले. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत पैठणहून गाड्यांतून भडोचला जाणाऱ्या मालात ऑनिक्स या अकीकाच्याच पट्टेदार भावंडाची नोंद आहे.

अकीक वेचायला निघालात, तर जिल्ह्यातलं लोणारचं विवर मात्र अभयारण्य आहे. तिथला खडाही उचलू नये. बाकी नाल्यांचे काठ आणि बांधावरचे ढीग पुष्कळ आहेत. रानमालकाला विचारून पावसाळ्यानंतर पाहावेत.