पोलादाचा संसार (१७) : तिजोरीतलं दाताळं

या आठवड्यात शिकलगारांवर लिहायचं कबूल केलं होतं. ते राहू द्या. बुऱ्हाणपुरात बसून शिकलगारांवर लिहायचं म्हणजे बेकायदा हत्यारांसाठी बदनाम झालेल्या खकनारकडच्या पाचोरीचं नाव निघणारच, आणि हत्याराला धार देणाऱ्या, पाणी देणाऱ्या एका जुन्या कारागीर जमातीची गोष्ट पोलिसांच्या पंचनाम्यापुरती उरकावी असं मला वाटत नाही. त्याला सवडीने दोन आठवडे देऊ.

आज रावेरहून आलेलं पत्र घेतो. वाचक लिहितात, ‘गंजावर तुम्ही तीन आठवडे लिहिलंत, पण हत्यार ठेवायचं कसं यावर एक अक्षर नाही. आमच्याकडे वडिलांचं रिव्हॉल्व्हर, माझं पिस्तूल आणि धाकट्या भावाचं रिव्हॉल्व्हर. तिघांचे परवाने वेगळे. जागा मात्र एकच, लोखंडी कपाटातला लॉकर. त्यातच दागिने, खरेदीखतं आणि काडतुसांचे डबे. दार गुडघ्याने दाबल्याशिवाय लागत नाही.’

गुडघ्याने दाबून लावलेल्या दारामागे पोलादाचं काय होतं ते मी पाहिलेलं आहे, म्हणून हे पत्र बाजूला ठेववलं नाही.

आधी कायद्याचं, थोडक्यात. १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार परवाना माणसाच्या नावावर असतो, घराच्या किंवा कपाटाच्या नव्हे. डिसेंबर २०१९च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात. वारसाने आलेलं हत्यारही त्या दोनांतच मोजायचं. नेमबाजीच्या खेळाडूंचा हिशेब निराळा. तेव्हा तिघांची हत्यारं एका किल्लीखाली ठेवण्याआधी तुमच्या जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र शाखेला लेखी विचारा. मला विचाराल तर तीन नावं, तीन पेट्या. आणि दागिने त्यात अजिबात नकोत. दागिन्यांचा लॉकर घरात कुणीही उघडतं, लग्नसराईत तर दिवसातून चारदा. हत्याराची पेटी ज्याचा परवाना त्यानेच उघडावी. दागिने आणि कागद बाहेर काढले की तुमची निम्मी अडचण तिथेच मिटते.

आता उरलेली निम्मी. ही मोजपट्टीने सोडवायची.

आपल्याकडे परवान्यावर सर्रास दिसणारं सहा गोळ्यांचं बत्तीस बोरचं रिव्हॉल्व्हर घ्या, रिकामं. रिकामं म्हणजे चक्र उघडून सहाही घरांतून उजेड पाहिलेलं. पिस्तूल असेल तर आधी मॅगझिन काढायचं, मग स्लाइड मागे ओढायची आणि चेंबरमध्ये डोळ्यांनी पाहून शिवाय करंगळी घालायची. क्रम उलटा केलात, तर मॅगझिनमधली पुढची गोळी चेंबरमध्ये जाऊन बसते. हे झालं की रिव्हॉल्व्हर टेबलावर आडवं ठेवा. साधारण वीतभर लांब आणि त्याहून थोडं कमी रुंद, एवढी जागा ते व्यापतं. आता मूठ खाली आणि नळी आडवी धरून वरून पाहा. सगळ्यात जाड भाग चक्राचा, आणि तोही चार सेंटिमीटरच्या आतबाहेर. पिस्तुलाला चक्र नसतं, ते आणखी चपटं. माझ्या लॉकरचा खण आतून छत्तीस सेंटिमीटर रुंद आहे. आडवी ठेवली तर त्यात दोन मावतात, तिसरं दोघांच्या उरावर बसतं. उभी ठेवली तर सहा मावतील आणि मधून बोट फिरेल. आपण चपात्या रचतो तशी हत्यारं रचतो, आणि ती ठेवायची असतात पुस्तकांसारखी.

एवढं कळायला मला बरीच वर्षं लागली. वडिलांचं रिव्हॉल्व्हर मी त्यांच्याच चामडी म्यानात, पट्ट्यासकट गुंडाळून, कापडी पिशवीत घालून तळाशी ठेवायचो. जपणूक म्हणून. एका साली पावसाळाभर पेटी उघडली नाही. खंडेनवमीला पूजेसाठी काढलं, तर म्यानाच्या पितळी बटनावर हिरवी भुकटी आणि नळीवर, बटन जिथे टेकत होतं तिथे, त्याच आकाराचा तांबूस गोल. नाण्याचा ठसा उमटावा तसा. चामडं कमावताना वापरलेली द्रव्यं त्यात राहतात, शिवाय ते हवेतला ओलावा धरून ठेवतं. म्यान हे हत्यार अंगावर वागवण्यासाठी असतं, मुक्कामासाठी नव्हे. तो गोल मी पुसला, पण नळीवरचा काळा-निळा मुलामा तिथून गेला तो गेलाच.

त्यानंतर ओळखीच्या सुताराकडून एक फळी करून घेतली. जुन्या, चांगल्या मुरलेल्या सागाची. सहा सेंटिमीटरवर एक अशा पाच उभ्या पट्ट्या, प्रत्येक दोन पट्ट्यांमधल्या गाळ्यात एक मूठ उतरेल एवढी खाच, आणि पुढे नळीला टेकायला बुटकी आडवी पट्टी. तयार झाल्यावर त्याने ती उचलून पाहिली आणि म्हणाला, ‘भाऊ, हे तर दाताळं झालं.’ शेतात काडीकचरा ओढायचं दाताळं. तेव्हापासून आमच्या घरात तिला तेच नाव आहे.

करून घेणाऱ्यांसाठी तीन सूचना. प्लायवूड नको, त्याच्या चिकटवणीतून आणि ओल्या लाकडातूनही बंद पेटीत आम्ल वाफा सुटतात, आणि पोलाद त्या निमूट पीत बसतं. खाचेत गादीचा स्पंज नको. तो ओलावा धरतो आणि काही वर्षांनी चिकट होऊन हत्याराला लागतो. आणि शेजारशेजारची दोन रिव्हॉल्व्हरं असतील तर एकाची मूठ पुढे, दुसऱ्याची मागे ठेवा. दोन्ही चक्रांचे फुगवटे समोरासमोर येत नाहीत आणि दर जोडीमागे बोटभर जागा सुटते. आगगाडीच्या डब्यात तीनच्या बाकावर चौघं बसतात, ती हीच विद्या.

हल्ली तारेच्या टांगण्या मिळतात. वरच्या फळीला अडकवायच्या, रबरी वेष्टनाचा दांडा नळीत जातो आणि पिस्तूल फळीखाली लोंबतं. ज्या पोकळीत एरवी हवाच असते ती जागा वापरात येते, ही युक्ती नामी आहे. मला खटकतात त्या दोन गोष्टी. दांड्याचं रबर फाटलं की तार नळीच्या आतल्या आट्यांना घासते, आणि तो ओरखडा बाहेरून दिसत नाही. दुसरं, काढताना हात घाईत असतो. टांगणी वापरायचीच तर नळीचं तोंड पेटीच्या मागच्या भिंतीकडे राहील अशी लावा आणि रबर दर महिन्याला तपासा. काडतुसं वेगळ्या कुलपाच्या डब्यात. पेटी भिंतीला किंवा फरशीला आतून बोल्टने जखडलेली. दोघांना उचलून नेता येणारी तिजोरी म्हणजे चोराला दिलेली पिशवी.

इथे थोडं आडवाटेला जातो, कारण ही गोष्ट आमच्या गावाच्या वेशीवरची आहे. बुऱ्हाणपूरपासून वीसेक किलोमीटरवर असीरगड. जानेवारी १६०१मध्ये तो अकबराच्या हाती आला. त्या मोहिमेत अबुल फजलही होता. त्याच अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त बादशहाच्या खाशा बंदुकांचा हिशेब लिहून ठेवला आहे. हजारोंतून निवडलेल्या १०५. त्यांतल्या १२ महिन्यांच्या, दर महिन्याला एक; महिना संपला की ती अकरा महिने विश्रांतीला. ३० आठवड्यांच्या, दर सात दिवसांनी पालट. ३२ रोजच्या. आणि ३१ राखीव. एखादी कुणाला बक्षीस गेली की राखीवातली तिच्या जागी येणार. चितोडच्या वेढ्यात किल्ला लढवणाऱ्या जयमलवर चालवलेली ‘संग्राम’ याच खाशांतली.

हा बादशाही थाट वाटेल, पण शिलेखाना सांभाळलेल्या माणसाला त्यातली मेख लगेच कळते. पाळी लावली की प्रत्येक बंदूक ठरलेल्या दिवशी खोक्यातून बाहेर येणार, कुणाच्या तरी हाताखालून जाणार, पुसली जाणार. गंजाला निवांतपणा मिळत नाही.

आपल्याकडे रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त हेच शहाणपण दारूकोठारासाठी सांगितलं आहे. कोठार वस्तीपासून दूर असावं, मडकी जमिनीवर न टेकवता माचावर ठेवावी, आणि दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन दारू बाहेर काढावी, ऊन दाखवावं, पुन्हा मोहोर करून ठेवावी. सुमारे तीनशे वर्षांपूर्वीचा हा पंधरवड्याचा नेम मी पावसाळ्यात जसाच्या तसा पाळतो. शिवणयंत्राच्या तेलाचं फडकं, दोन मिनिटं. सोबत सिलिका जेलची पुडी. निळे दाणे गुलाबी झाले की मंद तव्यावर निळे होईपर्यंत परतायचे. मे महिन्यातल्या बुऱ्हाणपुरात ही पुडी नुसती शोभेला असते, पण तापीला पहिला पूर आला की तीच राखते. खोबरेल मात्र लावू नका. थंडीत ते थिजतं, नंतर खवट चिकटा होतो. आणि खंडेनवमीचं हळदकुंकू, ओली फुलं संध्याकाळच्या आत पुसून काढा. देव रागावत नाही.

म्हणजे रावेरकरांनी विचारली ती जागेची बचत यातलं दुय्यम फळ आहे. खरी परीक्षा एकच : दुसऱ्याला न हलवता एक हत्यार बाहेर काढता येतं का? येत असेल तर तुम्ही पेटी उघडाल, पुसाल, मोजाल. सगळं उपसावं लागत असेल तर ‘उद्या बघू’ म्हणाल, आणि तो उद्या खंडेनवमीला उजाडेल.

सगळं उपसावं लागणं म्हणजे काय, याची एका निवडणुकीतली गोष्ट. आचारसंहिता लागली की परवान्याची हत्यारं बहुधा जमा करावी लागतात. मीही केलं होतं. कुठल्या ठाण्यात ते सांगत नाही. निकालानंतर पावती घेऊन गेलो, तर एका लोखंडी पेटीत चिठ्ठ्या बांधलेल्या रिव्हॉल्व्हरांचा ढीग. शिपायाने एकेक उचलून नंबर वाचायला सुरुवात केली. माझं अकरावं निघालं. अकराव्यापर्यंत पोचताना त्याला आणि मला दोघांनाही घाम फुटला होता, कारण ते तिथे आहे की नाही हे ढीग संपेपर्यंत कळायचा मार्गच नव्हता.

तेवढे दिवस घरी दाताळ्याचा दुसरा गाळा मोकळा होता. पेटी उघडली की नजर आधी तिथेच जायची.

पुढच्या आठवड्यात शिकलगार. अडथळा आला नाही तर.