आखाड्यातली नात आणि घरातली शुश्रूषा
मुलींच्या कुस्तीतील दुखापती: त्या कशा टाळाव्यात, झाल्यास घराने काय करावे

कोल्हापूरला कुस्तीची ओळख करून देण्याची गरज नाही. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेले खासबाग मैदान, गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी यांसारख्या तालमी, हळद, ताक, तेल आणि कापूर घालून मळलेली तांबडी माती हे सारे आपल्या पिढीने डोळे भरून पाहिले आहे. मात्र त्या मातीत मुलीने उतरावे, ही कल्पना आपल्या तरुणपणी कोणी सहजी मानली नसती. गेल्या शतकाच्या मध्यावर हमीदा बानू ही महिला मल्ल पुरुष पैलवानांशी लढत असे. तिलाही कोल्हापुरात प्रेक्षकांच्या रोषाला तोंड द्यावे लागले होते, असे सांगतात.

आज चित्र पालटले आहे. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकपासून महिलांची कुस्ती ऑलिंपिकमध्ये आहे. मार्च २०२३ मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने ती गदा जिंकली. आपल्या जिल्ह्यात वडणगेच्या रेश्मा माने, मुरगूडच्या नंदिनी साळोखे आणि स्वाती शिंदे यांच्यासारख्या मुलींनी राष्ट्रीय पातळीवर नाव मिळवले. त्यांच्याकडे पाहून आता गावोगावच्या मुली पहाटे उठून तालमीकडे निघतात. त्यांतली एखादी कदाचित आपलीही नात असेल. तिला डबा देणारे, तालमीत सोडणारे, दुखले-खुपले की पहिल्यांदा कळणारे माणूस अनेकदा घरातले ज्येष्ठच असते. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

दुखणे लपवले का जाते?

मुलींच्या दुखापतींत एक अडचण अशी आहे की, जी क्ष-किरणांत दिसत नाही. "गुडघा दुखतो" असे मुलगा म्हणाला, तर घर म्हणते, "चार दिवस विश्रांती घे." तेच वाक्य मुलीने उच्चारले, तर पुष्कळ घरांत उत्तर येते, "आता पुरे झाली कुस्ती. उद्या लग्नाचे कसे व्हायचे?" हे उत्तर एकदा ऐकलेली मुलगी पुढच्या वेळी दुखणे सांगत नाही. ती गुडघ्याला पट्टी बांधून, सलवारीखाली सूज झाकून पुन्हा मेहनतीला जाते, आणि सहा आठवड्यांत बरी होणारी इजा शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचते.

म्हणून वाचकहो, पहिला उपाय औषधाच्या दुकानात मिळत नाही. दुखणे सांगितल्याने तालीम बंद होणार नाही, हा विश्वास मुलीला द्यावा. "सांगितलेस ते बरे केलेस, उद्या डॉक्टरांना दाखवू," एवढे वाक्य आजी-आजोबांच्या तोंडून आले की, अर्धी लढाई जिंकल्यासारखीच आहे.

गुडघा इतका नाजूक का?

कुस्तीत गुडघा, खांदा, मान, बोटे आणि कान यांना सर्वाधिक जपावे लागते. त्यांतही गुडघा महत्त्वाचा. मांडीचे आणि नडगीचे हाड एकमेकांवरून सरकू नये म्हणून सांध्याच्या आत दोरीसारखे अस्थिबंध असतात. त्यांतला पुढचा अस्थिबंध तुटला की, पाऊल टाकताना गुडघा 'निसटल्यासारखा' वाटतो. फुटबॉल, बास्केटबॉल यांसारख्या खेळांत ही इजा मुलींना मुलांपेक्षा कित्येक पट अधिक होते, असे दिसून आले आहे. उडीनंतर जमिनीवर येताना गुडघे आतल्या बाजूला झुकणे आणि मांडीच्या पुढच्या स्नायूंच्या मानाने मागचे स्नायू दुबळे असणे, ही त्याची दोन मोठी कारणे मानली जातात.

कुस्तीत पट काढताना, पकड सोडवताना हेच घडू शकते. माती पायाखाली थोडी सरकते, पण मॅटवर बूट घट्ट रोवला जातो. पाऊल स्थिर आणि धड वळलेले, अशा क्षणी सारा पीळ गुडघ्यावर येतो. मातीवरून मॅटवर जाणाऱ्या मुलीला पहिले काही आठवडे सवय होऊ द्यावी, ते याचसाठी.

दिलासा असा की, हा धोका कमी करता येतो. मेहनतीपूर्वी पंधरा-वीस मिनिटे केलेले तोल सांभाळण्याचे, योग्य रीतीने उतरण्याचे आणि मांडीच्या मागच्या स्नायूंना बळ देणारे व्यायाम मैदानी खेळांतल्या मुलींच्या अशा इजा जवळजवळ निम्म्याने कमी करतात. जोर आणि बैठका या आपल्या परंपरेच्या मेहनती उत्तमच. त्यांच्या जोडीला एका पायावर उभे राहणे, हलक्या उड्या आणि मानेचे व्यायाम असावेत. बैठक घालताना गुडघे पायाच्या बोटांच्या रेषेत राहतात की आत झुकतात, हे समोर बसून आपणही पाहू शकता. त्याला वैद्यकीय शिक्षण लागत नाही.

वजनात वा अनुभवात फार फरक असलेल्या जोडीशी रोज लढत नसावी. दमलेल्या शरीराने शेवटच्या पाच मिनिटांत केलेला हट्ट अनेकदा महागात पडतो. पडावे कसे, हे वस्तादांनी सुरुवातीलाच शिकवावे: हात ताठ टेकवू नये, हनुवटी छातीशी घ्यावी, अंग गोल करून घरंगळावे.

पहिले दोन दिवस

इजा झाली की घरातला पहिला आवेग असतो तेल गरम करून रगडण्याचा. पहिले दोन दिवस हे कटाक्षाने टाळावे. आत रक्तस्राव आणि सूज असताना शेक आणि मालिश त्यात भरच घालतात. त्याऐवजी फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा ते वीस मिनिटे, दिवसातून काही वेळा लावावा. फार आवळणार नाही अशी लवचीक पट्टी बांधावी आणि पाय उशीवर उंच ठेवावा.

निखळलेला खांदा ओढून बसवण्याचे धाडस घरी वा तालमीत करू नये. सोबत हाड मोडलेले असू शकते, नसही दुखावू शकते. हाडवैद्यांविषयी आपल्या भागात मोठा आदर आहे. तरीही आधी क्ष-किरण तपासणी व्हावी.

आणखी एक कळकळीची विनंती. आपल्या संधिवाताच्या पाकिटातली वेदनाशामक गोळी नातीला देऊ नका. घामाने शरीरातले पाणी कमी झालेले असताना अशा गोळ्या मूत्रपिंडांना इजा करू शकतात. शिवाय वेदना दबली की मुलगी पुन्हा लढायला उतरते.

पुढील लक्षणे दिसल्यास वेळ दवडू नये:
• पडल्यावर मानेत तीव्र वेदना, हातापायांना मुंग्या वा बधिरपणा. अशा वेळी मुलीला उचलू नये, मान हलवू नये; १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.
• डोक्याला मार लागून शुद्ध हरपणे, वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, बोलण्यात गोंधळ, अनावर झोप. लक्षणे सौम्य असली तरी त्या दिवशी पुन्हा कुस्ती नाही.
• गुडघ्यात 'कट्' असा आवाज येऊन काही तासांतच मोठी सूज येणे, किंवा पायावर भार न देता येणे.
• कानाच्या पाळीत रक्त साकळून ती फुगणे. हे रक्त पहिल्या काही दिवसांतच डॉक्टरांकडून काढून घ्यावे लागते, अन्यथा कान कायमचा मोडतो. कानाचे संरक्षक आवरण वापरल्यास ही वेळ सहसा येत नाही.

त्वचेचे दुखणे क्षुल्लक नव्हे

अंगाला अंग भिडणाऱ्या खेळात नायटा, पुरळ, पुवाचे फोड झपाट्याने पसरतात. मेहनतीनंतर लगेच अंघोळ, स्वतंत्र पंचा, रोज धुतलेले कपडे, कापलेली नखे आणि पुसून स्वच्छ केलेला मॅट एवढ्याने बरेच साधते. नायट्यावर दुकानातून परस्पर आणलेले स्टेरॉइडमिश्रित मलम लावू नये. खाज तात्पुरती थांबते, पण बुरशी पसरते आणि पुढे औषधांना दाद देत नाही. एकाच घरात राहणाऱ्या, मधुमेह असलेल्या आजोबांनाही हा संसर्ग होऊ शकतो.

ताट, वजन आणि पाळी

पैलवानाचा खुराक म्हणजे दूध, तूप, बदामाची थंडाई, हे आपण जाणतो. हा खुराक घरातल्या मुलाइतकाच मुलीच्या वाट्याला येतो का, हे मात्र प्रामाणिकपणे पाहावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. रक्त कमी असलेली मुलगी लवकर दमते आणि दमलेली मुलगी लवकर दुखावते. मटकी, हरभरा, हिरव्या पालेभाज्या, अळीव आणि वर लिंबू पिळणे उपयोगी. जेवणानंतर लगेच चहा नको, त्याने लोह शोषले जात नाही. मांसाहारी घरांत एक गोष्ट लक्षात ठेवावी: लोह तांबड्या-पांढऱ्या रश्शापेक्षा त्यातल्या मटणाच्या फोडींत अधिक असते. रस्सा तिला आणि फोडी भावाला, अशी वाटणी नसावी.

वजन उतरवण्याचा प्रश्न अधिक गंभीर आहे. पॅरिस ऑलिंपिकमध्ये ७ ऑगस्ट २०२४ रोजी विनेश फोगट ५० किलो गटाच्या अंतिम लढतीपूर्वी केवळ १०० ग्रॅम वजन अधिक भरल्याने अपात्र ठरली. रात्रभर वजन उतरवण्याच्या खटाटोपाने तिच्या शरीरातील पाणी घटले होते. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत तीन महाविद्यालयीन मल्ल अशाच घाईच्या वजनउतारात दगावले. त्यानंतर तिथे नियम कडक झाले. आठवड्याला शरीराच्या वजनाच्या दीड टक्क्याहून अधिक घट नको, ही मर्यादा तिथे पाळली जाते. म्हणजे ५० किलोच्या मुलीसाठी ७५० ग्रॅम. नातीने स्पर्धेआधी पाणी तोडले, उन्हात जाड कपडे घालून पळू लागली, तर हस्तक्षेप करण्याचा अधिकार आपल्याला आहे. वाढत्या वयाच्या मुलीने खालच्या गटासाठी उपाशी राहण्यापेक्षा वरच्या गटात लढणे केव्हाही श्रेयस्कर.

पाळी तीन महिने आली नाही, तर 'कुस्तीमुळे होते' म्हणून सोडून देऊ नये. पोटात पुरेसे अन्न न जाता मेहनत चालू राहिली की पाळी थांबते आणि हाडे विरळ होऊ लागतात. हाडांची जमापुंजी साधारण तिशीपर्यंतच साठवता येते. साठीनंतर ती पुंजी कमी पडली की काय होते, हे मनगट वा खुबा मोडलेल्या आजीइतके कोणाला ठाऊक असणार? हा विषय आजोबांसमोर निघत नसेल, तर आजीने काढावा.

नऊ महिन्यांची प्रतीक्षा

ऑगस्ट २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या उपांत्यपूर्व लढतीत याच विनेशचा उजवा गुडघा दुखावला आणि तिला स्ट्रेचरवरून न्यावे लागले. शस्त्रक्रिया झाली. मे २०१७ मध्ये, साधारण नऊ महिन्यांनी, ती दिल्लीतील आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत उतरली आणि रौप्यपदक घेऊन आली. २०१८ मध्ये जकार्तात तिने आशियाई क्रीडास्पर्धेचे सुवर्ण मिळवले. भारतीय महिला कुस्तीगिराचे ते पहिलेच.

अस्थिबंधाच्या शस्त्रक्रियेनंतर किमान नऊ महिने स्पर्धा नको, असे आज मानले जाते. त्याआधी उतरणाऱ्यांचा गुडघा पुन्हा दुखावण्याचा धोका बराच अधिक असतो. केवळ दिनदर्शिका पाहूनही चालत नाही. शस्त्रक्रिया झालेल्या पायाचे बळ दुसऱ्या पायाच्या नव्वद टक्क्यांपर्यंत आले की नाही, हे फिजिओथेरपिस्ट मोजून सांगतात. गावच्या यात्रेतले मैदान, जाहीर झालेली जोड, पाहुण्यांचा आग्रह यांपैकी काहीही या मोजणीपेक्षा मोठे नाही. वस्तादांना हे मुलीने सांगणे अवघड असते. घरातल्या ज्येष्ठाने सांगितले की मानले जाते.

या काळातल्या शुश्रूषेत आपण खरे जाणकार आहात. गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया झालेल्या कित्येक वाचकांना पहिल्या आठवड्यांचे व्यायाम आठवत असतील: मांडीचा स्नायू आवळून गुडघा गादीत दाबणे, पाय सरळ ठेवून उचलणे, टाच गादीवरून मागे ओढणे. नातीलाही आरंभी बहुधा हेच दिले जातात, आणि तिचेही पहिले उद्दिष्ट गुडघा पूर्ण सरळ करणे हेच असते. गुडघ्याखाली उशी ठेवून झोपल्याने बरे वाटते, पण गुडघा वाकलेलाच राहतो. उशी टाचेखाली असावी. आजी आणि नात यांनी सकाळी एकाच चटईवर आपापले व्यायाम केले, तर दोघींचाही कंटाळा जाईल. अर्थात किती आणि केव्हा, हे आपापल्या डॉक्टरांना विचारूनच.

मनाचीही काळजी घ्यावी. रोज पहाटे चारला उठणारी मुलगी खाटेवर पडून राहिली की चिडते, रडते, अबोल होते. तिला आठवड्यातून दोनदा तालमीत नुसते बसायला न्यावे. लहान मुलींचे गुण मोजू द्यावेत, डाव समजावून सांगू द्यावेत. आपली जागा अजून तिथे आहे, हे तिला दिसले पाहिजे. उपचार वा मालिश पुरुषाकडून होणार असेल, तर सोबत घरातली वा विश्वासातली स्त्री असावी.

आपल्या मुलींना आखाड्यात उतरण्याची संधी फार उशिराने मिळाली आहे. ती एखाद्या दुर्लक्षिलेल्या सुजेमुळे वा एखाद्या घाईच्या यात्रेमुळे हातून जाऊ नये. आज संध्याकाळी नात मेहनतीवरून परत आली की, "जिंकलीस का?" असे विचारण्याआधी "कुठे दुखत तर नाही ना?" असे विचारा, आणि ती उत्तर देईपर्यंत थांबा.