काच वितळते तासांत, निवते दिवसांत

काचेचं भांडं म्हटलं की फुंकणीच्या टोकाला फुगणारा लालभडक गोळा डोळ्यांसमोर येतो. पण जाड, जडशीळ, आतून उजळल्यासारखा दिसणारा ओतीव वाडगा घडतो तो फुंकर न घालता. साच्यात काचेचे तुकडे भरायचे आणि साच्यासकट ते विजेच्या भट्टीत वितळू द्यायचे. हेच किल्न कास्टिंग. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये आंरी क्रो या शिल्पकाराने काचेची भुकटी साच्यात भाजून ही जुनी विद्या पुन्हा उभी केली. पुढे चेकोस्लोव्हाकियात स्टानिस्लाव लिबेन्स्की आणि यारोस्लावा ब्रिख्तोवा या दांपत्याने तिच्यातून भव्य शिल्पं साकारली.

वाडगा आधी मेणात घडतो. त्याभोवती प्लास्टर आणि सिलिकाची पूड साधारण समप्रमाणात कालवून ओततात. नुसतं प्लास्टर भट्टीच्या आचेला टिकत नाही. सिलिकामुळे ते तग धरतं. ही पूड फुप्फुसांना घातक, म्हणून मिसळताना तोंडावर चांगला मास्क हवाच. साचा घट्ट झाला की वाफ देऊन मेण काढून टाकतात. बस्तरचे ढोकरा कारागीरही मेणाच्या याच युक्तीने धातू ओततात.

काच किती घ्यायची, याचाही सोपा हिशेब आहे. मेणाचा वाडगा पाण्यात पूर्ण दाबून बुडवला आणि ६०० मिलिलिटर पाणी सरकलं, तर काच लागेल दीड किलो. कारण काच पाण्याच्या सुमारे अडीचपट जड असते. बारीक चुरा वापरला तर हवेचे असंख्य बुडबुडे अडकून वाडगा धूसर होतो, मोठे तुकडे वापरले तर नितळ. मात्र सगळी काच एकाच जातीची हवी. तापल्यावर कमी-जास्त प्रसरण पावणाऱ्या दोन काचा एकत्र आल्या, तर निवताना तडा ठरलेलाच.

साधारण ८०० ते ८५० अंश सेल्सिअसला काच साच्याच्या कानाकोपऱ्यांत उतरते. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. बाहेरचा थर आधी घट्ट झाला आणि आतला मागाहून आकसला, तर काचेत ताण कोंडून राहतो आणि वाडगा कधी ना कधी फुटतो. म्हणून काच ठरावीक तापमानाला रोखून धरतात आणि मग हळूहळू निववतात. अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या ‘बुल्सआय’ कंपनीच्या काचेसाठी हे तापमान आहे ४८२ अंश. एक इंच जाडीचा सपाट तुकडा तिथे ४ तास ठेवतात, मग तासाला १५ अंशांनी उतरवतात. जाडी दुप्पट झाली की मुक्काम ८ तासांचा आणि उतार तासाला चार अंशांहूनही कमी! जाडी दुप्पट, तर वेग चौथाई, असा हा नियम. पालोमार दुर्बिणीच्या आरशासाठी १९३४मध्ये ओतलेली २०० इंच व्यासाची काच तर निवायला सुमारे दहा महिने लागले होते.

थंड झाल्यावर साचा फोडायचा, हिऱ्याच्या पात्याने जादा काच कापायची आणि पाणी सोडत घासायचं: आधी भरड, मग बारीक, शेवटी सेरियम ऑक्साइडची झिलई. वाडगा दोन ध्रुवक फिल्म्सच्या मध्ये धरला की उरलेला ताण उजळ पट्ट्यांनी दिसतो.

असा वाडगा विकत घेताना जाडी पाहा आणि तो किती वेळ निववला, हे कारागिराला जरूर विचारा. त्याच्या किमतीत काचेइतकाच हा वेळही असतो आणि तो पुरेपूर वसूल होतो.